वर्गांची बेरीज : ब्रह्मगुप्तापासून भार्गवांपर्यंत

२०२५ म्हणजे ४५ चा वर्ग. त्यात १ मिळवला की २०२६, म्हणजे ४५² + १². ही दोन वर्गांची बेरीज झाली. पुढची २०२७ मात्र कितीही खटपट केली तरी दोन वर्गांत बसत नाही. तिला तिसरा वर्ग लागतो: ४५² + १² + १². आता थोडं मागे येऊन २०२३ घ्या. तिला तीनही पुरत नाहीत. ४३² + १३² + २² + १² असे चार वर्ग लागतात. पाच वर्ग लागतील अशी संख्या मात्र आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि कधी सापडणारही नाही. हे १७७० साली सिद्ध झालं आहे.

कोणत्या संख्येला किती वर्ग लागतात? वर्ग म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या शाळकरी मुलालाही हा प्रश्न कळतो. तरीही फर्मा, ऑयलर, लाग्रांज, गाउस, याकोबी, रामानुजन अशा मोठ्या माणसांनी त्यावर वर्षं घालवली. मला या प्रश्नात सगळ्यात विलक्षण वाटते ती एक गोष्ट. प्रश्न आहे बेरजेचा, पण दर टप्प्यावर उत्तराची किल्ली सापडली ती गुणाकारात. जिथे गुणाकाराने साथ दिली तिथे वाट सापडली, आणि जिथे दिली नाही तिथे थोरामोठ्यांचीही दमछाक झाली.

आधी दोन वर्गांचं पाहू. कुठलीही सम संख्या वर्ग केल्यावर ४ ने नि:शेष भागली जाते. विषम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी नेहमी १ उरते: ९, २५, ४९, ८१, कोणताही घेऊन पाहा. म्हणजे दोन वर्ग मिळवले की ४ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ येईल. ३ कधीच येणार नाही. २०२७ ला ४ ने भागलं की बाकी ३ उरते. एकही वर्ग न तपासता निकाल लागला.

पण बाकी ३ नाही म्हणून संख्या दोन वर्गांत बसेलच, असं नाही. २१ घ्या. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून आशा वाटते. २१ मधून १६ वजा केले तर ५ उरतात, ९ केले तर १२, ४ केले तर १७, १ केला तर २०. यातला एकही वर्ग नाही. २१ चं बिंग फुटतं ते तिचे अवयव पाडल्यावर. २१ म्हणजे ३ गुणिले ७, आणि ३ व ७ या दोन्ही मूळसंख्या ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या. संख्या दोन वर्गांत बसते की नाही हे तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं, तिच्या मूळ अवयवांवर लिहिलेलं असतं. बेरजेच्या प्रश्नात गुणाकार शिरतो तो इथे.

या दोन्हींतला दुवा फार जुना आहे. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसला ठाऊक होतं की ६५ ही संख्या दोन प्रकारे दोन वर्गांत विभागता येते, ८² + १² आणि ७² + ४²; आणि याचं कारण ६५ ही ५ आणि १३ यांचा गुणाकार आहे, हेही त्याने सांगून ठेवलं. नियम म्हणून ही गोष्ट स्वच्छ मांडली ती आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने. भिल्लमाळ, म्हणजे आजचं राजस्थानातलं भीनमाळ, इथल्या या गणितज्ञाने इ.स. ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात वर्गप्रकृतीची समीकरणं (एका वर्गाला 'प्रकृती' या ठरावीक संख्येने गुणून त्यात काही मिळवलं की दुसरा वर्ग यावा, अशी) सोडवण्यासाठी त्याने एक नियम दिला आहे, ज्याला पुढे 'भावना' हे नाव पडलं. त्या नियमातल्या प्रकृतीच्या जागी योग्य संख्या घातली की हे मिळतं:

(अ² + ब²) × (क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)²

म्हणजे दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार केला, तर तोही दोन वर्गांची बेरीजच असतो. उजवीकडची चिन्हं बदलून (अक + बड)² + (अड − बक)² घेतलं तरी चालतं, म्हणून ६५ ला दोन वाटा मिळाल्या. ही समानता आठवीतला विद्यार्थी कंस सोडवून तपासू शकेल. पण ती आधी सुचायला मात्र ब्रह्मगुप्त लागतो.

हे हत्यार आपल्याकडे पडून राहिलं नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त भावनेच्या जोडीला चक्रवाल पद्धत वापरून ६१ला कोणत्या वर्गाने गुणून १ मिळवला की वर्ग येतो, हा प्रश्न सोडवला. उत्तर येतं २२६१५३९८० चा वर्ग. फर्माने १६५७ साली युरोपातल्या गणितज्ञांपुढे हेच ६१चं उदाहरण आव्हान म्हणून टाकलं, भास्कराचार्यांचं नावही त्याच्या कानावर नसताना. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. गणिताचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेला मठ ही आपल्या मुलखातली गोष्ट आहे, आणि ती प्रत्येक मराठी शाळेत सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

भावनेमुळे दोन वर्गांचा प्रश्न मूळसंख्यांपुरता उरतो. मूळसंख्यांचं कळलं की बाकीच्या गुणून मिळतील. मग कोणत्या मूळसंख्या दोन वर्गांत बसतात? यादी करून पाहा: ५ = ४ + १, १३ = ९ + ४, १७ = १६ + १, २९ = २५ + ४, ३७ = ३६ + १, ४१ = २५ + १६. ४ ने भागल्यावर बाकी १ देणारी प्रत्येक मूळसंख्या बसते, आणि एकाच प्रकारे बसते. आल्बेर जिरारने हे आधी नोंदवलं होतं. फर्माने २५ डिसेंबर १६४० रोजी मेर्सेनला लिहिलेल्या पत्रात ते ठामपणे मांडलं, पण सिद्धता काही दिली नाही. ती ऑयलरने १७४९ पर्यंत पुरी केली. शंभराहून अधिक वर्षं गेली.

ती सिद्धता कशी चालते हे एका उदाहरणात जवळून पाहता येईल. समजा २९ चे दोन वर्ग शोधायचे आहेत. पहिली पायरी अशी, की २९ नाही तर निदान २९ ची एखादी पट तरी दोन वर्गांत बसवायची. १२² + १² = १४५, आणि १४५ म्हणजे ५ × २९. पट सापडली. आता मधला ५ काढून टाकायचा. ५ स्वतः २² + १² आहे, म्हणून भावना उलटी चालवायची: १२ × २ + १ × १ = २५ आणि १२ × १ − १ × २ = १०. दोन्हींना ५ ने भागा. येतात ५ आणि २. आणि खरंच, ५² + २² = २९. पट मोठी असेल तर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करत खाली उतरायचं. दर खेपेला पट लहान होते आणि शेवटी १ उरते. फर्मा याला अनंत अवरोहण म्हणत असे.

पहिली पायरी नेहमी जमेल कशावरून, हा खरा प्रश्न. आजच्या पुस्तकांत त्यासाठी विल्सनचा सिद्धान्त वापरतात. १३ घेतली तर १ ते ६, म्हणजे १२ च्या निम्म्यापर्यंतच्या, संख्यांचा गुणाकार ७२०, त्याला १३ ने भागून बाकी ५; आणि ५² + १² = २६, म्हणजे १३ ची दुप्पट. ४ ने भागून बाकी १ देणाऱ्या प्रत्येक मूळसंख्येसाठी हीच युक्ती लागू पडते. बाकी ३ देणाऱ्या मूळसंख्येसाठी अशी पट मिळतच नाही, आणि म्हणून २१ मध्ये ३ आणि ७ आले की सगळं अडतं. त्या सम घातांकाने आल्या तर मात्र चालतात: ४५ = ९ × ५ = ६² + ३². दोन वर्गांचा निकाल इथे पूर्ण लागतो. संख्येचे मूळ अवयव पाडा. ४ ने भागून बाकी ३ देणारा प्रत्येक अवयव सम वेळा आला असेल तरच ती संख्या दोन वर्गांत बसते.

दोनानंतर तीन येतात, पण इतिहासात आधी चारांचा निकाल लागला. बाशेने १६२१ साली डायोफँटसचं लॅटिन भाषांतर छापलं, तेव्हा प्रत्येक संख्या जास्तीत जास्त चार वर्गांत बसते हे विधान केलं आणि ३२५ पर्यंत ते तपासून पाहिलं. सिद्धता नव्हती. ऑयलर या प्रश्नामागे सुमारे चाळीस वर्षं होता. १७४८ साली त्याला भावनेचाच मोठा अवतार सापडला: चार वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही चार वर्गांची बेरीजच असतो. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत मोठा क्षण. त्यामुळे चारांचाही प्रश्न मूळसंख्यांवर आला. शेवटचा घाव लाग्रांजने १७७० साली घातला, आणि ऑयलरचं ऋण त्याने मान्य केलं. ऑयलरनेही मागाहून त्याहून सोपी सिद्धता लिहिली.

या सिद्धतेची पहिली पायरी इतकी साधी आहे की ती ७ वर करून पाहण्याचा मोह आवरत नाही. वर्गांना ७ ने भागलं तर बाकी ०, १, २, ४ यांपैकीच येते. आता प्रत्येक बाकीत १ मिळवून ती ७ मधून वजा केली तर दुसरी यादी मिळते: ६, ५, ४, २. दोन याद्यांत मिळून आठ आकडे, पण शक्य बाक्या सातच, म्हणजे काहीतरी सामाईक असणारच. इथे २ सामाईक आहे. पहिल्या यादीत तो ३² मधून आला, दुसऱ्या यादीत २² मधून. मग ३² + २² + १² = १४, म्हणजे ७ ची दुप्पट. कोणतीही विषम मूळसंख्या घ्या, दोन याद्यांची लांबी मिळून तिच्याहून एकने जास्तच भरते, म्हणून पट मिळतेच. पुढे ऑयलरची समानता उलटी चालवून खाली उतरायचं. ७ = २² + १² + १² + १².

किती प्रकारांनी, याचंही उत्तर आहे, आणि ते याकोबीने १८३४ साली दिलं. संख्येचे जे विभाजक ४ च्या पटीत नाहीत त्यांची बेरीज करा आणि ८ ने गुणा. ७ चे विभाजक १ आणि ७, बेरीज ८, म्हणून ६४ प्रकार. मोजून पाहू. २ हा आकडा चार जागांपैकी कुठेही ठेवता येतो, आणि चारही आकड्यांना धन किंवा ऋण चिन्ह देता येतं, म्हणजे ४ × १६ = ६४. पुन्हा तेच: बेरजेचे प्रकार मोजायचे तर विभाजक पाहा.

तीन वर्गांची गोष्ट निराळी आहे. कोणत्या संख्या तीन वर्गांत बसत नाहीत हे ओळखणं सोपं आहे. वर्गाला ८ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ येते आणि यांतल्या तिघांची बेरीज करून ७ ही बाकी कधीच मिळत नाही. म्हणून ७, १५, २३ आणि आपली २०२३ या संख्यांना चार वर्ग लागतात. अशा संख्यांना ४ ने कितीही वेळा गुणलं तरी येणाऱ्या संख्यांना चारच लागतात, उदाहरणार्थ २८ आणि ६०. बाकी सगळ्या संख्या तीन वर्गांत बसतात. विधान इतकं सोपं, पण लजांद्रला १७९८ साली आणि गाउसला १८०१ साली त्यासाठी अतिशय जड यंत्रणा उभारावी लागली. एकोणीस वर्षांच्या गाउसने १० जुलै १७९६ च्या रोजनिशीत 'युरेका' असा ग्रीक उद्गार काढून लिहिलं की प्रत्येक संख्या तीन त्रिकोणी संख्यांची (०, १, १ + २, १ + २ + ३ अशांची) बेरीज असते. हा तीन वर्गांच्या सिद्धान्ताचाच एक भाग आहे.

तीन इतके अवघड का? कारण इथे भावना नाही. ३ म्हणजे १ + १ + १, आणि ५ म्हणजे ४ + १ + ०. दोघंही तीन वर्गांत बसतात. त्यांचा गुणाकार १५ मात्र बसत नाही. लजांद्रने हेच ३ आणि २१ घेऊन दाखवलं होतं: गुणाकार ६३, आणि तो तीन वर्गांत बसत नाही. डब्लिनचा हॅमिल्टन तीन-तीन संख्यांच्या त्रिकुटांचा गुणाकार करण्यासाठी वर्षानुवर्षं झटत होता. त्याची लहान मुलं न्याहारीच्या वेळी विचारत, "बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का?" आणि तो नकारार्थी मान हलवत असे. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधल्या कालव्याकाठी चालताना त्याला सुचलं की तीन नव्हे, चार संख्या घ्यायच्या. त्यातून चतुर्थकं जन्मली, आणि त्यांच्या गुणाकारात ऑयलरची १७४८ ची समानता जशीच्या तशी बसली आहे. लजांद्रचं ते उदाहरण हॅमिल्टनला ठाऊक असतं, तर त्रिकुटांमागची त्याची वर्षं कदाचित वाचली असती. आठ वर्गांसाठीही अशी समानता आहे, ती डेगनने १८१८ साली दिली. सोळांसाठी? हुर्वित्सने १८९८ साली सिद्ध केलं की या तऱ्हेची समानता १, २, ४ आणि ८ वर्गांसाठीच असते. इतर कुठल्याही संख्येसाठी नाही.

घन आणि चौथे घात यांचाही असाच प्रश्न एडवर्ड वॉरिंगने १७७० सालीच मांडला: नऊ घन पुरतात, एकोणीस चतुर्थ घात पुरतात. २३ ला खरोखरच नऊ घन लागतात आणि ७९ ला एकोणीस चतुर्थ घात. प्रत्येक घातासाठी अशी काहीतरी मर्यादा असतेच हे हिल्बर्टने १९०९ साली सिद्ध केलं. एकोणीसचा निकाल मात्र १९८६ साली लागला, आणि त्यात आपले रामचंद्रन बालसुब्रमण्यन यांचा वाटा आहे.

रामानुजननी वर्गांचाच धागा वेगळ्या दिशेने ओढला. चार साधे वर्ग सगळ्या संख्यांना पुरतात, हे ठीक. पण वर्गांना गुणक लावले तर? पहिला वर्ग तसाच, दुसऱ्याची दुप्पट, तिसऱ्याची तिप्पट, अशा किती चौकडी सगळ्या संख्यांना पुरतील? १९१७ साली केंब्रिजमध्ये असताना त्यांनी अशा ५५ चौकडींची यादी प्रसिद्ध केली. त्यातली १, २, ५, ५ ही एक चौकडी १५ या संख्येपाशी अडते, हे पुढे डिक्सन यांनी दाखवलं. बाकी ५४ बरोबर आहेत. अडली ती नेमकी १५ पाशी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण १९९३ साली प्रिन्स्टनमध्ये जॉन कॉनवे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी याहून पुष्कळ व्यापक सूत्रांबद्दल, ज्यांच्यात रामानुजनच्या सगळ्या चौकडी येतात, असं सिद्ध केलं की सूत्राने १ ते १५ पर्यंतच्या संख्या दिल्या तर ते सगळ्याच संख्या देतं. अनंत संख्यांची तपासणी १५ वर संपते. त्यातही १, २, ३, ५, ६, ७, १०, १४ आणि १५ या नऊच तपासल्या तरी पुरे.

कॉनवेंची मूळ सिद्धता फार किचकट होती. ती सुटसुटीत केली मंजुल भार्गव यांनी, २००० साली, प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थी असताना. पुढे जॉनथन हँकी यांच्याबरोबर त्यांनी अधिक व्यापक सूत्रांसाठी १५ च्या जागी २९० येतो हे सिद्ध केलं. भार्गवांचे आजोबा, पुरुषोत्तम लाल भार्गव, जयपूरचे संस्कृतचे पंडित. त्यांच्या संग्रहातून मंजुल यांना ब्रह्मगुप्ताचा नियम भेटला, आणि गाउसने १८०१ च्या ग्रंथात त्याच नियमाचा केलेला विस्तार किती अवघड आहे हे पाहून त्यांना सोपी वाट शोधावीशी वाटली. एका लहान घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ संख्या मांडून तो तीन दिशांनी कापला की गाउसचा तो नियम आपोआप मिळतो, हे त्यांनी दाखवलं. २०१४ साली सोलमध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं, त्यामागच्या कामात हे कामही होतं. जुन्या ग्रंथांविषयी अभिमानाने बोलणारे पुष्कळ भेटतात. असा ग्रंथ वाचून त्यातलं गणित पुढे नेणारा क्वचितच.

या विषयातलं सगळं संपलेलं नाही. दोन वर्गांपैकी एक नेहमी १ च असला पाहिजे, एवढी एकच अट घाला आणि मूळसंख्या शोधा: २, ५, १७, ३७, १०१, १९७, २५७, ४०१. ही यादी कधी संपते का? भावना इथे कामी येत नाही, कारण अशा दोन संख्यांचा गुणाकार केला की १ ची जागा सहसा दुसराच वर्ग घेतो. एडमुंड लांडाऊने १९१२ साली केंब्रिजच्या परिषदेत मूळसंख्यांविषयीचे चार दुर्भेद्य प्रश्न म्हणून जे सांगितले, त्यांत हा एक होता. हेन्रिक इवानियेत्स यांनी १९७८ साली एवढं सिद्ध केलं की 'वर्ग अधिक १' या रूपाच्या, जास्तीत जास्त दोनच मूळ अवयव असलेल्या संख्या अनंत आहेत. दोनांवरून एकावर अजून कुणाला येता आलेलं नाही.